ग्लेनिसच्या कानात तिचाच आवाज

ग्लेनिस ट्रेगियर आमच्या गावात शाळेची बस चालवते आणि रविवारी दुपारी लॉन बोल्स या हिरवळीवरच्या खेळाच्या क्लबात आमच्या बँडबरोबर गाते. मी बास गिटार वाजवतो, डर्मट ड्रम. डर्मट तिच्या पाठीमागेच बसतो, आणि हळू वाजवणं त्याला कधी जमलंच नाही. तिचा आवाज तिला ऐकू यावा म्हणून तिच्या पायाशी एक जुना स्पीकर असायचा, पण डर्मटपुढे त्याचं काही चालायचं नाही. मग ती ओरडायची. सोमवारी बसमधल्या पोरांना दटावायलाही घसा उरायचा नाही. गेल्या हिवाळ्यात तर कानात शिट्टी वाजायला लागली.

"गाणं सोडा, नाहीतर आवाज कमी करा," डॉक्टर म्हणाले.

"माझा की डर्मटचा?" तिने विचारलं.

शेवटी तिने ऑनलाइन एक बिनतारी सेट मागवला, सगळ्यात स्वस्तातला. काड्यापेटीएवढा एक डबा सगळ्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरला लावायचा, दुसरा कमरेला, आणि कानात रबरी बोंडं. बाहेरचा गोंगाट बंद; आत आपला आवाज आणि हवी तेवढी गिटार.

डर्मटच्या शेडमध्ये तालमीला तिने ती बोंडं घातली. एक कडवं गायली आणि थांबली.

"काय गं?" मी विचारलं.

"हा माझा आवाज? केवढा चिरका! वरचा सूर तर लागतच नाहीये. कधीपासून चाललंय हे?"

मी बासच्या खुंट्या पिळायला लागलो.

"गाढवांनो, एकानेही सांगू नये?"

"मला माझे दात शाबूत हवे होते," डर्मट पुटपुटला.

ती बाहेर जाऊन कुंपणापाशी उभी राहिली. मी चहा घेऊन गेलो.

"गाताना मला वाटायचं, मी अजून तिशीतच आहे," ती म्हणाली. चहा संपवून आत आली आणि म्हणाली, "सगळ्या गाण्यांची पट्टी खाली घ्या."

रविवारी पहिलं गाणं ती अगदी हलक्या आवाजात गायली, सुरात. संपल्यावर मात्र घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"आवडलं नाही का त्यांना?"

"अगं बाई, टाळ्या पडतायत!"

बोंडांमुळे तिला बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं. त्यात हॉल भरला तसा कानातला आवाज तुटायला लागला. मध्यंतरात बघतो तर आमचा मिक्सर क्लबच्या वायफायच्या डब्याला चिकटून! त्याच्या लहरी आमच्या बिनतारी सेटमध्ये घुसत होत्या. मिक्सर उचलून तिच्यासमोर स्टुलावर ठेवला, मध्ये काही आडवं येणार नाही असा. जास्तीचा एक माइक लोकांकडे वळवला आणि त्यातलं थोडं तिच्या कानात सोडलं.

उत्तरार्धात पुढच्या टेबलावर कोणी तरी मोठ्याने हसलं. ते तिला ऐकू आलं, आणि दोन ओळींच्या मधे तीही हसली.

कार्यक्रम संपल्यावर बारमधला म्हातारा क्लाइव्ह तिच्याकडे आला. "ते शेवटचं गाणं नवीन बसवलंत का?"

"इतकी वर्षं गातेय की ते, क्लाइव्ह."

"असेल. शब्द आज कळले. आमच्या हिच्या आजारपणाची आठवण झाली."

ग्लेनिसने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग वायरी गुंडाळत आम्हाला म्हणाली, "पुढच्या खेपेला एक संथ गाणं घेऊया. ओरडून गाता येत नाही म्हणून आजवर कधी घेतलंच नाही."