सव्विसावा जोड

सकाळी शटर वर करून मी प्लास्टिकच्या बादल्या बाहेर मांडत होतो, तेवढ्यात गौतमच्या शेजाऱ्यांचा फोन आला. ते काही बोलायच्या आतच मी म्हणालो, "गौतम सरांना सांगा, त्यांचा बोल्ट काढून ठेवलाय. घेऊन जा म्हणावं." मग ते म्हणाले, "अप्पा, सर न्हाईत आता... पहाटंच गेले." मी हातातली बादली तशीच घेऊन त्याच्या घराकडं निघालो. वाटेत दोन बायकांनी बादली बघून नळाला पाणी कधी आलं म्हणून विचारलं. मी तसाच पुढं गेलो, तशा त्याही घाईघाईनं आपापल्या घागरी आणायला पळाल्या. गौतम असता तर त्यानं हे आठवडाभर सांगितलं असतं.

गौतम साळवे नेकनूरच्या शाळेत माझ्या वर्गात होता. पुढं तो त्याच शाळेत गणिताचा मास्तर झाला आणि मी वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसलो. गिऱ्हाइकासमोर मी त्याला सर म्हणायचो, गिऱ्हाईक गेलं की गौत्या. रिटायर झाल्यावर त्याच्या डोक्यानं घेतलं, की जयंतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर एक स्तूप असावा. थर्मोकोलचा नाही, हिशेबानं बांधलेला. मिरवणुका झाल्या की झेंड्यांचे गोल दांडके इकडंतिकडं पडून राहतात, ते त्यानं दोन-तीन वर्षं गोळा केले होते. पासष्ट दांडक्यांचे त्रिकोण जोडत गेलं, की अर्धा गोल तयार होतो, असं त्याचं गणित. ते बरोबरही होतं. फक्त एका टोकावर पाच-सहा दांडके वेगवेगळ्या कोनांत येतात आणि ते सगळे त्यानं सुतळीनं आवळले होते.

मागच्या वर्षी मिरवणूक माझ्या दुकानापुढं आली आणि सुतळी सैल झाली. पांढरं कापड लावलेला तो स्तूप आधी एका अंगाला कलला, मग हळूच खाली बसला. मी पायरीवर उभा होतो. माझं तोंड आधीपासूनच वाईट. मी मोठ्यानं हसलो आणि ओरडलो, "सर, भाकरी झाली की त्याची!" हलगी थांबली. पोरांचे चेहरे बदलले, दोघं-तिघं पायरीकडं यायला लागले. जयंतीच्या दिवशी, भर मिरवणुकीत, मी काय बोलून बसलो होतो! गौतम मध्ये आला. "पोरहो, अप्पा खरं बोलतोय. जोड माझेच चुकले. चला फुडं." मिरवणूक पुढं गेली. मी आत येऊन खिळ्यांच्या डब्यांची मांडणी बदलत बसलो. माफी मागायला पाहिजे होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर. रागावलेला असेल म्हणून मी आधीच चहा सांगितला. त्यानं पिशवीतून दोन दांडके काढले, काउंटरवर तिरके धरले आणि म्हणाला, "अप्पा, ह्ये असं जोडायला काही हाय का?" मी पाइप वळवायचा एल्बो दिला. "ह्यो नव्वदचा हाय." दुसरा दिला. "ह्यो पंचेचाळीसचा. मला मधला पायजे." मी म्हणालो, "गौत्या, नेकनूरला दोनच कोन खपतात. मधले कोन कुणी मागत न्हाई." "मी मागतोय की बे," तो म्हणाला आणि चहा प्यायला.

त्यानंतर वर्षभर रोज तेच. "हाय का?" "न्हाई." बीडला जाऊन त्यानं सगळी दुकानं पालथी घातली. मोबाइलवरून मागवलेले जोड आले ते पेन्सिलसुद्धा बसणार नाही एवढ्या बारीक भोकांचे. मधल्या काळात कोन तपासायला म्हणून तो घरातल्या बटाट्यांत काड्या खुपसायचा. सुमनवहिनी एकदा दुकानात येऊन म्हणाल्या, "भावजी, तुमच्या मित्राला काहीबी द्या, पण माझे बटाटे सोडवा. पंधरा दिस झाले, भोकं पडलेल्या बटाट्याची भाजी खातोय आमी." कंपासमधला कोनमापक घेऊन तो अर्ध्या अंशापर्यंत मोजायचा आणि वहीत लिहायचा. अशा दोन वह्या भरल्या. मी रोज नाही म्हणायचो आणि रोज मनात ठरवायचो, आज त्या दिवसाचं बोलून टाकू. तेवढ्यात कुणीतरी नळाची तोटी मागायला यायचं.

जोड सापडला तो त्याच्या भाच्याच्या शेतात. ठिबक सिंचनाच्या काळ्या नळीचा वीतभर तुकडा बांधावर पडला होता, गौतमनं सहज त्यात दांडका खुपसला, तो घट्ट बसला. असे तीन तुकडे मधोमध चेपून एकावर एक ठेवायचे, मधून एक बोल्ट घालायचा, की सहा तोंडं तयार. पाच हवी असतील तर एक तुकडा अर्धा घ्यायचा. नळी मऊ, त्यामुळं दांडका जिकडं जाईल तिकडं तीही वळते. मी खूश झालो, पण गौतमचं तोंड उतरलेलं. "अप्पा, कोन आपला आपणच धरतोय रे ह्यो. मोजायला काय ऱ्हायलंच न्हाई. दोन वह्या वाया गेल्या." दोन दिवस तो दुकानाकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि पन्नास फूट नळी मागितली.

मग माझं दुकान म्हणजे कारखानाच झाला. समोरच्या हॉटेलातून उकळतं पाणी आणायचं, नळीची टोकं त्यात बुडवायची, दांडके बसवायचे. बसवल्यावर तो प्रत्येक जोड तीनदा हलवून बघायचा. एकदा हॉटेलवाल्यानं आमच्या पातेल्यात चुकून चहापत्ती टाकली, तरी गौतमनं काम थांबवलं नाही. एकूण सव्वीस जोड. त्यातले पंचवीस झाले. जयंतीला आठच दिवस उरले होते. मी संध्याकाळी कुलूप लावून किल्ली खिशात टाकली आणि तो आला. "अप्पा, वरच्या जोडाला दोन इंची बोल्ट एक कमी पडलाय." मी म्हणालो, "कावून जीव खातोस बे, आत्ताच कुलूप लावलंय. उद्या ने." तो हसला. "उद्या तर उद्या." आणि गेला...

तो वरचा जोड मी बसवला. पोरांनी मला त्यांच्यात बसू दिलं, हेच खूप. पाच तोंडांचा जोड, अर्धा तुकडा कुठल्या बाजूनं येतो ते मला आठवेना, तेव्हा वहिनींनी त्याची वही आणून दिली. वाया गेलेल्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यानं चित्र काढून ठेवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'बोल्ट अप्पाकडं.'

जयंतीला ट्रॉली माझ्या दुकानापुढं येऊन थांबली. मी पायरीवर नव्हतो, खाली रस्त्यावर होतो. पोरांनी चारी बाजूंनी धरून स्तूप तीनदा हलवला. तो जागचा ढळला नाही. सुमनवहिनी पांढऱ्या साडीत ट्रॉलीमागं चालत होत्या. माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, हसा की आता." मला हसता आलं नाही. मी एवढंच म्हणालो, "वहिनी, मागच्या वर्षी माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "त्यास्नी ठावं व्हतं. म्हून तर रोज येत व्हते तुमच्याकडं. 'अप्पाला बोलायचंय, पण त्येला गिऱ्हाईक लई,' म्हनायचे."

आता संध्याकाळी शटर ओढलं, तरी मी लगेच कुलूप लावत नाही. चपला घालतो, रस्त्याकडं बघतो, उगाच दोन मिनिटं उभा राहतो. दोन इंची एक बोल्ट माझ्या खिशात असतो. बायको धुवायच्या कपड्यांतून तो काढून रोज खिडकीत ठेवते आणि मी रोज सकाळी उचलतो.