प्रश्नचिन्हांआडची माणसं

आमच्या संस्थेचं ऑफिस म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरची एक खोली. थॅलेसेमिया झालेल्या मुलांसाठी रक्तदाते शोधायचे, एवढंच आमचं काम. या मुलांना दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं, तेही जन्मभर. कोणाचा रक्तगट कोणता, मागच्या वेळी रक्त कधी दिलं, आता परत कधी देता येईल, हे सगळं आमच्या संगणकात असे. इथल्याच एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आम्हाला तो डेटाबेस फुकट करून दिला होता. ती मुलं नोकरीला पुण्याला गेली आणि डेटाबेस माझ्या गळ्यात पडला.

मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून इथे यायला लागले. संगणकातली सगळी माहिती मराठीतच भरायची, हा हट्ट माझाच. नावं, गावं, रक्तगट, इतकंच काय, फोन नंबरचे आकडेसुद्धा देवनागरीत. रोज नोंदी करणाऱ्या आमच्या कार्यकर्त्या बायकांना तेच सोयीचं होतं.

जाताना त्या विद्यार्थ्यांतल्या एका मुलीनं मला बॅकअप घ्यायला शिकवलं होतं. दर शनिवारी मी सगळ्या माहितीची एक फाइल काढून छोट्या डिस्कवर ठेवायचे आणि ती डिस्क पर्समध्ये टाकून जुळे सोलापूरला घरी न्यायचे. संस्था सुरू करणारे आमचे डॉक्टर हसायचे. म्हणायचे, बाई पर्समध्ये अख्खा जिल्हा घेऊन हिंडतात.

त्या मे महिन्यात विजेचा नुसता खेळ चालला होता. एका सकाळी लाइट गेली, आली ती एकदम जोरात, आणि आमचा संगणक बंद पडला तो पडलाच. दुकानातून दुरुस्तीवाला आला. त्यानं डबा उघडून पाहिलं आणि हार्ड डिस्क जळाल्याचं सांगितलं. आतलं काही मिळणार नाही म्हणाला.

नेमकी त्याच वेळी एक आई समोर बसलेली होती. पद्मशाली विणकर घरातली, नवरा टॉवेलच्या कारखान्यात. खाली दवाखान्यात दाखल केलेल्या तिच्या मुलीचं हिमोग्लोबिन खूप खाली आलं होतं आणि तिला लागणारं ओ निगेटिव्ह रक्त गावातल्या एकाही रक्तपेढीत शिल्लक नव्हतं. ती आमच्या भरवशावर आली होती. तिला काय झालंय ते मी सांगितलं, तेव्हा ती रडली वगैरे नाही. शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी काय तरी करताव. मी बसते हितंच."

डॉक्टरांनी खालून दवाखान्यातला जास्तीचा संगणक वर आणवला. दुरुस्तीवाल्यानं त्यात लागणारं सगळं बसवून डेटाबेससाठी नवी जागा केली. मी पर्समधून डिस्क काढली, शनिवारची फाइल भरली आणि यादी उघडली.

पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं, गावाच्या जागी प्रश्नचिन्हं, फोनच्या जागीही तीच. दुरुस्तीवाला म्हणाला, फाइलच खराब झालीय, आता नाद सोडा. देवनागरीचा हट्ट कोणाचा होता, हे डॉक्टरांना आणि मला दोघांनाही माहीत होतं.

मला ते पटेना. इतके शनिवार इमानानं घेतलेली फाइल अशी कशी खराब होईल? मी ती डेटाबेसमध्ये न भरता साध्या नोटपॅडमध्ये उघडली. आधी इंग्रजी आज्ञांचा गिचमिड भाग आला. तो खाली सरकवला आणि दिसलं पहिलं नाव. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. त्याखाली दुसरं, त्याखाली तिसरं. माणसं आत सुखरूप होती. बिघाड होता तो नव्या संगणकात त्यांच्यासाठी केलेल्या जागेत.

मी पुण्याच्या त्या मुलीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, फाइल अगदी बरोबर आहे. नवा डेटाबेस बनवताना भाषेचं सेटिंग चुकलंय, त्याला देवनागरी कळतच नाहीये. तो पुसून टाका आणि मी सांगते तसा परत बनवा."

पुसून टाका हे शब्द ऐकून मी आधी डिस्क काढून बाजूला ठेवली आणि तिनं सांगितलं तसं एकेक करत गेले. डिस्क परत लावून फाइल पुन्हा भरली. यादी उघडली आणि अख्खा पडदा मराठीनं भरून गेला. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा, सांगोला. डॉक्टर चष्मा सावरत पुढे आले आणि मोठ्यानं नावं वाचायला लागले. हा अजून देतो का, ही तर माझी पेशंट, असं त्यांचं चाललं होतं. त्यांना थांबवून मी ओ निगेटिव्ह शोधलं. थोडेच होते. त्यातले काही बाहेरगावी, काहींनी नुकतंच दिलेलं. अक्कलकोटकडचा एक मेंढपाळ तेवढा चालण्यासारखा होता.

फोन लागला. मागे मेंढरांचा आवाज येत होता आणि तो कोणाशी तरी कानडीत बोलत होता. मी ओळख सांगितली.

"वळखलं की बाई. लेकराला लागतंय व्हय? मेंढरं भावाच्या ताब्यात देतो आन् निगतो. जेवून येऊ का उपाशी?"

"जेवूनच या," मी म्हणाले, आणि फोन ठेवून त्या आईला सांगितलं, माणूस निघालाय.

दुपारच्या एसटीनं तो आला. रक्तपेढीत गेला, दंड पुढे केला आणि चहा-बिस्किट घेऊन परतीच्या गाडीला लागला. तपासण्या होऊन दुसऱ्या दिवशी ते रक्त मुलीला चढलं.

शनिवारनंतर आमच्या बुद्धविहारात एक रक्तदान शिबिर झालं होतं. त्यातली नावं फाइलमध्ये नव्हती. ती मी रक्तपेढीकडून मागून घेऊन पुन्हा भरली. देवनागरीतच. बॅकअपच्या आता दोन प्रती निघतात आणि दुसरी डॉक्टर स्वतः मागून घरी नेतात. अधूनमधून आम्ही ती फाइल दुसऱ्या संगणकावर भरून, उघडून पाहतो. नुसती प्रत असून भागत नाही, ती परत उभी राहायला हवी, हे त्या सकाळी कळलं.

रक्त चढल्यावर मी वॉर्डात गेले, तेव्हा मुलगी उठून बसली होती. ओठांवर रंग आला होता. ती आईशी तेलुगूत कसला तरी वाद घालत होती आणि आई हसत होती. काय म्हणते, असं मी विचारलं.

"घरी चल म्हणतीय," आई म्हणाली. "भूक लागलीय म्हणं. काल पाणी बी नको म्हणत होती."