व्याह्यांचा एक रियाल

गरीब व्हायची एवढी घाई झालेला माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. मी स्वतः गरिबीत जन्मले, गरिबीतच नांदले. घरात दाणा नसला तरी शेजारणीला कळू नये म्हणून चुलीवर नुसतं पाणी उकळत ठेवणारी बाई मी. आणि आमचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, अमेरिकेहून इथे सौदीत, जुबैलला, माझ्या लेकाकडे नातीच्या बारशाला आले, ते विमानतळावरून गाडीत बसल्या बसल्या मला म्हणतात, "विहीणबाई, आनंदाची बातमी आहे. आता थोडंच राहिलंय. मग आम्ही कफल्लक." चेहरा असा खुललेला, जसं काही पोराला सरकारी नोकरी लागली.

त्याचं असं झालं, आमची विहीण सगळं विसरत चालली. आधी गॅस, मग घराचा रस्ता, शेवटी नवरासुद्धा. एकदा थंडीत अनवाणीच बाहेर पडली, तेव्हा तिला तिकडच्या एका घरात ठेवली, जिथे चोवीस तास माणसं सांभाळतात. पण खर्च असा, की भरल्या विहिरीला तळ लागावा. तर तिकडे मेडिकेड म्हणून एक सरकारी सोय आहे. नवराबायकोची पुंजी सरकारने आखलेल्या रेघेखाली आली, की पुढचं सरकार बघतं. पण पुंजी वाटून मोकळं होता येत नाही. मागची पाच वर्षं उकरतात, कोणाला काय दिलं ते विचारतात. दिलं असेल तर तेवढा काळ खर्च तुमच्याच डोक्यावर. कोणाकडून घेतलं तर तेही पुंजीत धरतात. स्वतःवर मात्र हवं तेवढं उडवा. हे मला सुनेने एकदा समजावलं आणि व्याह्यांनी रोज समजावलं.

आता स्वतःवर खर्च करायचा, तर हा माणूस कोण? सून सांगते, बसचे पैसे वाचवायला चालत जायचे आणि चप्पल झिजू नये म्हणून ती हातात धरायचे. त्यांना आता हुकूम झाला, उडवा. मग काय, तोंडभर नवे दात बसवले. दोन्ही कानांना यंत्रं. चष्मे दोन, एक जवळचा, एक लांबचा, आणि कुठला कधी घालायचा ते आठवत नाही म्हणून दोन्ही कपाळावर. स्वतःच्या आणि बायकोच्या अंत्यविधीचेसुद्धा पैसे भरून टाकले. मला चहा पिताना सांगतात, फुलंही ठरवून ठेवलीत, झेंडूची खात्री नाही म्हणून शेवंती सांगितलीये. मी म्हटलं, आधी चहा प्या, गार होतोय.

पण फुकटाची धास्ती भारी. बाजारात खजूरवाल्याने चव बघायला एक खजूर पुढे केला, तर हे खिशात हात घालून एका खजुराचे पैसे काढायला लागले. तो बिचारा हात जोडून म्हणतो, "खलास, चाचा, खलास," म्हणजे राहू द्या, पण हे काही हलेनात. शेवटी खजूर तसाच परत ठेवला. मी त्यांच्यासाठी गावाहून चांगली शाल आणली होती. व्याह्याला आहेर नको का? तर हात जोडले. म्हणाले, "रागावू नका, विहीणबाई. अर्ज अजून मंजूर व्हायचाय. तुमची शाल घेतली आणि हिची खाट गेली, तर मी तिला ठेवू कुठे?" मनाला लागलं, खोटं का बोलू. पण शाल बॅगेत ठेवून दिली.

बारशाला वसाहतीतल्या सगळ्या बायका जमल्या. पाळणा म्हणून झाला, नाव ठेवलं, आणि व्याह्यांनी नात पहिल्यांदा मांडीवर घेतली. रिकाम्या हाताने बाळ बघू नये, हे आपल्या हाडात मुरलेलं. त्यांचा हात आपोआप खिशात गेला आणि एक रियालचं नाणं पोरीच्या मुठीत. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. चेहरा पांढराफटक. नाणं काढून घ्यायला गेले, तर पोर सोडते कसली! आजोबा एकेक बोट उलगडतायत, ती परत आवळतेय. सून लाजेने रडायला आली. एक शेजारीण म्हणाली, आजोबा, राहू द्या की, एक रियाल तर आहे.

"एक असो की लाख," ते म्हणाले. "उद्या विचारतील, कोणाला काही दिलंत का. बायकोशी मी कधी खोटं बोललो नाही. आता तिच्याच खाटेसाठी बोलू?"

मला एकदम कोंडा आठवला. माझी पहिली दोन पोरं जगली नाहीत. तिसरा झाला तेव्हा सासूने तो शेजारणीला मूठभर कोंड्यावर विकला, म्हणजे मरणाने त्याला आमचा समजून उचलू नये. म्हणून त्याचं नाव कोंडाजी. इथल्या कंपनीत त्याला के. डी. म्हणतात, पण जगला तो कोंड्यावर. विकणं वेगळं, देणं वेगळं.

मी घुगऱ्यांचं पातेलं आणलं आणि मूठभर घुगऱ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. म्हटलं, "व्याहीबुवा, नातीने दुकान टाकलंय. एक रियालला एवढ्या."

त्यांनी लांबचा चष्मा काढून जवळचा लावला, घुगऱ्या बघितल्या. म्हणाले, "भाव जास्त वाटतो. बाजारभावापेक्षा जास्त दिलं तर तेही देणंच धरतात."

मी आणखी एक मूठ घातली. तेव्हा मान हलवली, आणि मग सगळं घर असं हसलं, की पोर दचकली. तरी मूठ उघडली नाही. व्याह्यांनी उभ्याउभ्या नव्या दातांनी एकेक दाणा खाल्ला. अर्ध्यात थांबले. म्हणाले, "आमच्या हिला फार आवडायच्या."

अर्ज मंजूर झाला. व्याही आता रीतसर गरीब झाले, पण फोनवर पूर्वीसारखे उड्या मारत नाहीत. रोज सकाळी हरभरे मऊ शिजवतात आणि छोट्या डब्यातून बायकोकडे घेऊन जातात. ती अजून ओळखत नाही. पण डबा दिसला, की खाटेवर जराशी सरकते आणि त्यांना बसायला जागा करते.