काळी बॅग आणि सात मुलं

"सात मुलं, आणि एकालाही वाचता येत नाही. बाई करतात काय तिथं?" गटशिक्षणाधिकारी साहेबांनी माझाच रिपोर्ट माझ्यापुढं सरकवला.

मी केंद्रप्रमुख होतो, म्हणजे दहा-बारा शाळांवर फिरती देखरेख ठेवणारा माणूस. ब्रह्मपुरीकडं तलावाकाठच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीतल्या शाळेत वाचन चाचणी मीच घेतली होती. एकेकाला खोलीत बोलवायचं, उतारा द्यायचा, मिनिटभर वेळ मोजायचा. एकाही पोरानं तोंड उघडलं नव्हतं. तिथल्या सुरेखाबाई शिक्षणसेवक, अजून कायम व्हायच्या होत्या. त्यांची नोकरी माझ्या शेऱ्यावर अडकलेली.

"नोटीस काढू?"

"एकदा परत जाऊन येतो, साहेब." खरं सांगतो, मलाही बाईंचा रागच आला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेजवळ पोचलो, तर आतून मुलं खडाखडा वाचताना ऐकू येत होती. मी दारात दिसलो आणि सगळे चिडीचूप.

"पाठ करून घेतलं काय, बाई?"

"नाई जी सर. तुमीच कोन्तंबी पान उघडा."

घड्याळ काढायला मी माझ्या काळ्या बॅगेत हात घातला. तशी दुसरीतली छकुली पळत बाईंच्या मागं लपली.

"मले नाई टोचाचं, बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला. "आत्ता समजलं, सर. तुमच्या चाचणीच्या आधल्या आठवड्यात दवाखान्यातले आले होते. याच खोलीत, दार लावून, एकेकाले सुई देल्ली. त्यायच्याजवळ बी अशीच काळी बॅग होती. पोरं मले काईच बोलली नाईत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बॅग पोरांसमोर उपडी केली. घड्याळ, चष्मा, पेनं, डबा. छकुलीनं डबा उघडून खात्री केली. आत वांग्याची भाजी होती.

मग चाचणी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, घेतली. छकुलीचा बाप पाण्यात जाळं टाकत होता. त्याला ऐकू जावं म्हणून तिनं उतारा ओरडून वाचला, आणि न सांगता दुसराही वाचला. सातांपैकी पाच जण सरळ वाचत गेले. दोघं जोडाक्षरांना अडखळले, तेवढं मी लिहिलं.

ऑफिसात परतून मी सांगितलं, "चूक माझी आहे, साहेब. बाईंची नाही."

साहेबांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "लेखी द्या."

दिलं. पुढं बाई कायम झाल्या. स्वतःची चूक लिहून दिलेल्या त्या कागदावर केली, तितक्या आनंदानं मी दुसरी सही कधी केली नसेल.

मुलाला काय येत नाही ते लिहिण्याआधी, आपण त्याला कोण वाटतो ते बघावं, एवढं मी शिकलो. निवृत्तीपर्यंत प्रत्येक चाचणीआधी बॅग उपडी करत राहिलो. डबा सगळ्यांसमोर उघडला जायचा, म्हणून घरी भाजी जरा बरी द्यायला सांगितलं होतं.