न लागलेला दिवा

ती घटना आठवली की आजही उजवा हात खिशात घालावासा वाटतो.

कापसाचे भाव कोसळल्याची ती वर्षं. मी पुसदकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. फुलसावंगीच्या रस्त्यावर जिनिंगवाल्या शेठची कार टायर फुटून कडेला घसरली आणि कापूस वेचून परतणाऱ्या एका बाईचा पाय मोडला. शेठचा फोन आला, "साहेब, हवा कमी झाली की गाडीत दिवा लागतो. ड्रायव्हरनं पाहिलाच नसणार." निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवून मी ड्रायव्हरला ठाण्यात बसवलं.

"दिवा लागलाच नाही जी, साहेब. मी कायले खोटं बोलू?" त्याचं एकच पालुपद.

माझ्या नव्या गाडीत चारही चाकांच्या हवेचे आकडे समोर दिसत. त्यामुळे मी स्वतःला मोठा जाणकार समजत होतो. "मला शिकवतोस?" म्हणत थप्पड लगावली. डबा घेऊन आलेली त्याची बायको दारातच उभी होती.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या पंचनाम्याला गावातला मेकॅनिक बोलावला. माझं ज्ञान ऐकून तो हसला.

"साहेब, तुमच्या गाडीच्या चाकात सेन्सर हाये, तो हवा मोजते. या गाडीत तो नाहीच. ही फक्त कोणतं चाक किती फिरून राह्यलं ते पाह्यते. हवा गेली की चाक बारीक होते, जास्त फिरते, मंग दिवा लागते. हे बटन हवा भरल्यावर दाबाचं असते. पण हवा न भरताच कोणी दाबलं, तं गाडी कमी हवेलेच बरोबर समजते. मंग कायचा दिवा?"

शेठला बोलावलं. तो सहज म्हणाला, "हो, सकाळी दिवा दिसत होता. बटन दाबलं, गेला."

"ड्रायव्हरला सांगितलं?"

"त्यात काय सांगायचं?"

तसा जबाब नोंदवून मी कोर्टात अहवाल पाठवला. ड्रायव्हर सुटला. जप्त केलेला परवाना न्यायला तो बायकोसह आला. मी कागद पुढे सरकवला, सही घेतली. त्यानं परवाना उचलला. बायको बोलली, "त्यायनं पह्यल्याच दिवशी खरं सांगतलं होतं न, साहेब?"

मी फाईल चाळत राहिलो. माफी जिभेवर होती, पण हवालदारांसमोर ती मागायची मला लाज वाटली. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

आपल्या गाडीवरून दुसऱ्याची गाडी जोखू नये, एवढं मी शिकलो. अपघात, पंचनामा, जबाब, सगळं स्टेशन डायरीत आहे. ती थप्पड मात्र कुठेच नाही. म्हणून ती आज इथे लिहिली.