निळी बादली

"त्याला हात लावू नकोस. ती उचलेल."

ती म्हणजे मी. ओट्यापाशी भांडी घासत होते. वहिनींची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा लागलेला. बाथरूमच्या दारात साहेबांचा बनियन पडला होता. तो उचलायला लेक वाकली आणि वहिनी हॉलमधून धावत आल्या. लेक दचकली. काय झालं म्हणाली. वहिनींनी सांगितलं, बाबा खांद्याला जेल लावतात ना, ते कपड्यात उतरतं. पुरुषाचं हार्मोन असतं ते. बायकांच्या अंगाला लागू द्यायचं नाही, पोटुशीच्या तर नाहीच, डॉक्टरांनी बजावलंय. मीसुद्धा हात लावत नाही.

लेकीने माझ्याकडे बघितलं. "आणि मावशी?"

"तिचं काय आता. तिला कुठे मुलं व्हायचीत."

मी ओले हात पदराला पुसले. बनियन उचलला, मोरीतल्या निळ्या बादलीत टाकला. धुतलासुद्धा. नेहमीसारखा, घासून.

ते जेल घरात आलं त्याला वर्ष होऊन गेलं. साहेब साठीला आलेले. आधी ऑफिसातून आले की सोफ्यावर बसल्या बसल्या डोळा लागायचा. जेवणावर वासना नाही, सारखी चिडचिड. वहिनी म्हणायच्या, घरात माणूस आहे का गाठोडं. मग कुणीतरी मोठा डॉक्टर सुचवला. सकाळी उपाशीपोटी रक्त तपासलं, पुन्हा एकदा तपासलं. पुरुषाला लागतं ते वयामुळे पार उतरलंय असं निघालं. तेव्हापासून आंघोळ झाली की खांद्याला जेल.

काही महिन्यांत माणूस बदलला. सकाळी बूट घालून फिरायला जायला लागला. जिना चढताना शीळ. वहिनींना नावाने हाक मारायला लागला, तीही स्वयंपाकघरात येऊन. वहिनी आरशापुढे रेंगाळायला लागल्या, घरातसुद्धा केसात गजरा. त्यांच्या बेडरूमची चादर झटकताना माझं तोंड कडू व्हायचं.

मी जळायचे. उगाच साळसूदपणा करत नाही. त्यांच्या फ्लॅटवर नाही, गाडीवर नाही, सोन्यावर तर कधीच नाही. त्या गजऱ्यावर जळायचे. म्हातारपणालाही औषध असतं हे मला त्या घरात कळलं आणि तेव्हापासून धड झोप नाही.

मी अंबरनाथला बुवापाड्यात राहते. नवरा उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या कारखान्यात इस्त्रीवर. दिवसभर वाफेत उभा. वयाने साहेबांपेक्षा लहानच. पण घरी येतो तो संपूनच येतो. भिंतीला टेकतो, पुढ्यात ताट ठेवलं तरी नुसता बघत बसतो. हाच माणूस जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम घेऊन उतरला की बायका दारात येऊन बघायच्या. मी दटावायचे त्यांना. आता तो भिंतीकडे तोंड करून झोपतो. लाजतो, ते मला कळतं. नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्याने नाडीसुद्धा बघितली नाही. "काका, वय झालं. आता आराम करा," म्हणाला आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. इस्त्रीवरच्या माणसाला आराम सांगतो.

म्हणून एकदा धीर करून वहिनींना विचारलं होतं. साहेबांचं औषध आमच्या ह्यांना चालेल का, तो डॉक्टर बसतो कुठे. वहिनी हसल्या. लहान पोराला हसावं तशा.

"तुझ्या नवऱ्याला काय गरज? तुम्ही कष्टाची माणसं. तुमच्यात ते मुळातच असतं."

मीही हसले. हसून कपबशा विसळल्या. घरी जाऊन नवऱ्यासमोर भांडी आदळली. त्या बिचाऱ्याला कळेना आपलं काय चुकलं.

निळी बादली तेव्हाचीच. जेल सुरू झालं आणि वहिनींनी सांगितलं, साहेबांचे बनियन, टॉवेल, उशीचे अभ्रे मशीनमध्ये टाकू नकोस. वेगळे ठेव, हाताने धू. का ते सांगितलं नाही. मला वाटलं महागाचे असतील. खरं सांगते, बरंच वाटलं होतं. साहेबांचे कपडे फक्त माझ्या हातावर सोपवलेत, एवढा विश्वास. कधी कधी बादलीत टाकायच्या आधी तो बनियन नाकाशी धरायचे. माझ्या माणसातून गेलं ते ह्या माणसात कुठून आलं, ते बघायचं होतं. नुसता घामाचा वास यायचा. माझ्या नवऱ्याला येतो तसाच.

मध्यंतरी माझ्या हनुवटीवर राठ केस यायला लागले. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, काय गं, दाढीचं सामान आणू का. पाळी जायचं वय, म्हटलं होत असेल. चिमट्याने उपटायचे आणि कामाला जायचे.

लेकीसमोर ते जेलचं ऐकलं, त्या दिवशी घरी आले ती आरशापुढेच बसले. हे बनियनमुळे का वयामुळे, मला अजून माहीत नाही. पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना विचारलं, त्याही म्हणाल्या सांगता येत नाही, दोन्ही होऊ शकतं. पण मला केसांचं दुःख नव्हतं. वहिनींना माहीत होतं. बादली आणली त्या दिवसापासून माहीत होतं. स्वतःचा हात काढून घेतला आणि माझा घातला, इतकं ते सोपं होतं.

माझ्या आजीला गावात पाणवठ्याला हात लावू देत नव्हते. तिच्या हाताने पाणी बाटायचं. आता काळ बदलला म्हणतात. आता आम्हाला हात लावू नका असं कुणी म्हणत नाही. ज्याला हात लावायचा नाही, ते आमच्या हातात देतात. आणि मी ते विश्वास समजून घेतलं. त्या रात्री मला वहिनींपेक्षा माझीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी गेले. बादली भरलेली. उचलली आणि हॉलमध्ये वहिनींच्या पायाशी आणून ठेवली. म्हटलं, हे मी धुणार नाही.

वहिनी म्हणाल्या, कालचं मनाला लावून घेतलंस का, माझ्या मनात तसं काही नव्हतं. हातमोजे आणून देते म्हणाल्या.

"वहिनी, मुलं तर तुम्हालाही व्हायची नाहीत आता. मग तुम्ही का हात लावत नाही?"

लेक खाली बघायला लागली. साहेब फिरून आलेले, दारात उभे, एक बूट काढलेला, एक पायात. त्यांच्याकडे बघून सांगितलं, ज्यांच्या अंगाचं आहे त्यांनी धुवावं. हात धड आहेत. वहिनींचा आवाज चढला. दुसरी बाई बघावी लागेल म्हणाल्या.

"बघा. पण बादलीत काय आहे ते तिला आधी सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन. ह्या बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या सगळ्या बुवापाड्याच्याच आहेत."

काम गेलं. दुसरं धरलंय. पहिल्याच दिवशी विचारलं, हाताने काय धुवायचं आणि का.

हेवा गेलेला नाही. जाऊ देणारही नाही. वहिनींच्या डोक्यातला गजरा मला अजून दिसतो. पण आता बनियन हुंगून मी जळत बसणार नाही. नवऱ्याला सांगितलंय, सोमवारी इस्त्री बंद. सकाळी उपाशीपोटी सरकारी दवाखान्यात जायचं. तो म्हणाला, लोक हसतील गं. म्हटलं, हसू देत.

त्याला म्हटलं, औषध लागेल की नाही, ते डॉक्टर बघतील. पण तुमचं रक्त तपासून घेतल्याशिवाय मी त्या बाकावरून उठणार नाही. आणि तिथल्या डॉक्टरनेही काकांचं वय झालं म्हणून सांगितलं, तर मी एवढंच विचारणार आहे: मग साहेबांचं झालं नव्हतं का?