गळाला न लागलेल्या माशाचा फोटो

मासा माशीला तोंड लावतो त्या क्षणी काठी खाली, जवळजवळ पाण्याला टेकलेली ठेवायची आणि डाव्या हाताने दोरी आपल्याकडे ओढायची. एवढंच करायचं असतं. माझा उजवा हात वर जातो.

माशी म्हणजे गळच. त्याच्यावर पिसं आणि केस बांधून कोळंबी किंवा किडा वाटेल असं काहीतरी केलेलं असतं. त्याला वजन नसतं. वजन दोरीला असतं. ती डोक्यावरून मागे-पुढे फिरवून फेकायची. हे मी निवृत्तीनंतर शिकलो, सांगवीत एका नातेवाइकाच्या ऊस तुटलेल्या रानात. दोरी पाचटात अडकायची, पण पाच-सहा महिन्यांत फेक बरी जमू लागली.

मग हिवाळ्यात अरबी समुद्रातल्या एका बेटावर सहा दिवसांच्या सहलीला गेलो. सोबत तिथलाच एक वाटाड्या होता. पांढरी वाळू, गुडघाभर पाणी, त्यात बोनफिश नावाचा चंदेरी मासा चरायला येतो. मासा दिसत नाही, त्याची सावली दिसते. वाटाड्या शेजारी उभा राहून घड्याळाच्या भाषेत दिशा सांगायचा: बारा म्हणजे समोर, तीन म्हणजे उजवीकडे, आणि मग अंतर फुटांत. सहा दिवसांत सात मासे माशीला लागले आणि सातही वेळा माझा हात वर गेला. हात वर गेला की माशी माशाच्या तोंडातून निसटते आणि मासा दिसेनासा होतो. चौथ्या दिवसापासून वाटाड्याने बोलणं कमी केलं. शेवटच्या दिवशी त्याने माझी बाही धरून ठेवली होती. हात तरीही गेला.

कारण मला माहीत होतं. बारामतीत कालव्याच्या काठावर लहानपणी आम्ही चिलापी धरायचो. बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, कणकेची गोळी आणि तरंगणारी एक काडी. काडी बुडाली की वर झटका. मासा डोक्यावरून मागे गवतात. तेव्हा हाताला जे कळलं ते पन्नास वर्षं तिथेच होतं. पुण्याच्या एका दैनिकात तीस वर्षं बातम्या तपासताना त्याची कधी अडचण आली नाही.

मार्चच्या अखेरीस सहलीच्या संयोजकाचा पुण्याहून फोन आला. माझ्यासारखे चुकणारे लोक त्याच्याकडे बरेच होते. समुद्रावर नेण्याआधी त्यांना उथळ पाण्यात दोन दिवस सराव देता येईल का, हे त्याला पाहायचं होतं. उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, काठाला गुडघाभर खोलीचे लांब पट्टे तयार होतात आणि सिप्रनस नावाचा मासा तिथे चिखल उकरायला येतो. मी बारामतीत राहतो, म्हणून त्याने मला विचारलं. इंदापूर तालुक्यातल्या एका होडीवाल्याशी त्याचं बोलणं झालं होतं. मी शनिवार-रविवार त्याच्याबरोबर जायचं, माशीवर एक सिप्रनस धरायचा, तोंडात माशी दिसेल असा फोटो आणि दोन पानं माहिती रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची. फोटो चांगला आला तर त्याच उन्हाळ्यापासून माणसं आणायला सुरुवात.

शनिवारी सकाळी निमगाव केतकीला चहा घेऊन मी पाण्यावर पोचलो तेव्हा होडीवाला वाट पाहत होता. चाळिशीचा, सडपातळ माणूस. त्याने होडीच्या पुढच्या टोकावर नवी फळी ठोकून घेतली होती, उभं राहून दोरी फेकता यावी म्हणून. ती कुणी सांगितली नव्हती.

त्याचं काम असं होतं: हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवायचं. पक्षी गेले की पावसाळ्यापर्यंत तो लांबच्या एका धरणावर ठेकेदाराच्या जाळ्यांवर जायचा, बायकोमुलांना गावात ठेवून. यंदा त्याने ठेकेदाराला सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं होतं.

“म्हंजी एक मासा, एक फोटू. मंग मी हितंच ऱ्हातोय,” तो म्हणाला. “आवं तात्या, जाळं टाकलं तर घटकाभरात पाटी भरंल.”

“जाळं नाही. ह्या माशीनंच.”

त्याने माशी तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली. “कोंबडीचं पीस हाय ह्येला.”

“हो.”

“सिप्रनस कोंबडी खातोय व्हय?”

संयोजकाने लेखी सूचना दिल्या होत्या. त्यातली पहिली, वाटाड्याने दिशा घड्याळानेच सांगावी. येणाऱ्या लोकांना तीच सवय आहे. मी ती त्याला समजावली. होडीचं टोक म्हणजे बारा.

“आन होडी फिरली की?”

“बारा पण फिरले.”

“पर मासा तितंच हाय की तात्या. होडी फिरली म्हनून त्याचं वाजल्यालं कशापायी बदलायचं?”

मी म्हणालो, नियम आहे. त्याने मान हलवली आणि बांबूने होडी उथळ पाण्यात ढकलली.

उजनीचं पाणी समुद्रासारखं नाही. हिरवट, गढूळ, वीतभर खालचं दिसत नाही. मासा दिसतो तो त्याच्या शेपटीवरून. तोंड चिखलात खुपसून तो चरतो तेव्हा शेपटीचं टोक पाण्याबाहेर थरथरतं आणि आजूबाजूला गाळाचा ढग उठतो. होडीवाल्याला अशा शेपट्या शंभर फुटांवरून दिसायच्या. मला तीस फुटांवरून दिसत नसत.

“दहा!” तो ओरडायचा. मी डावीकडे बघायचो. पाणी सपाट. तो मनात घड्याळ मोजायचा तेवढा वेळ बांबू थांबायचा, बांबू थांबला की वाऱ्याने होडी वळायची, आणि दहाचा मासा आठवर गेलेला असायचा. “आठ! न्हाय, साडेसात!” मी फेकायचो. दोरी पाण्यावर पडली की शेपटी नाहीशी व्हायची. दुपारपर्यंत मी चौदा वेळा फेक केली. वहीत मी प्रत्येक फेक लिहीत होतो: वेळ, अंतर, निकाल. निकालाच्या रकान्यात चौदा वेळा फुली होती.

शेजारून त्याचा मेहुणा जाळी घेऊन चालला होता. त्याने वल्हं थांबवलं.

“तात्या, गोफण फिरवताय व्हय? पाखरं तर कवाच गेली.”

“तू तुजं जाळं बघ की,” होडीवाला म्हणाला.

“न्हाय, म्हनलं आसूड हाय का काय. हितं बैल न्हाईत म्हनून सांगाया आलो.”

तो हसत गेला. होडीवाला हसला नाही. दुपारनंतर वारा इतका वाढला की फेकलेली दोरी माझ्याच टोपीवर येऊन पडली आणि माशी कापडात रुतली. ती काढताना त्याने विचारलं, “बेटावर किती धरलं हुतं तुमी?”

मी खरा आकडा सांगितला. त्याने माशी सोडवून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, “मंग तुमालाच का धाडलं?”

मी म्हणालो, मी जवळ राहतो.

रविवारी सकाळी मी सूचनांचा कागद गाडीतच ठेवला आणि त्याला म्हणालो, तुम्हाला येतं तसं सांगा.

“मावळतीला,” तो लगेच म्हणाला. “दोन कासरं. वाळल्या बाभळीच्या बुडात.”

कासरा म्हणजे बैलाची लांब दोरी. त्याच्या घरचा वीस फुटांचा. चाळीस फुटांवर, पाण्यात बुडून वाळलेल्या बाभळीपाशी, शेपटी होती. होडी वळली तरी बाभूळ आणि मावळत जागेवरच होती. मी फेकलं. माशी शेपटीपासून हातभर पुढे पडली. गाळाचा ढग तिच्याकडे सरकला आणि दोरी किंचित ताठ झाली.

माझा उजवा हात वर गेला.

माशी पाण्यातून उडून आमच्या दोघांच्या मधून गेली. होडीवाला खाली बसला. “झटका दिला, तात्या.”

“हो.”

“तुमीच म्हनला हुता, झटका द्यायचा न्हाय.”

“हो.”

अर्ध्या तासाने उगवतीला दीड कासऱ्यावर दुसरा लागला. हात पुन्हा वर गेला. या वेळी मला हात जाण्याआधी कळलं होतं की तो जाणार आहे, आणि त्याने काही फरक पडला नाही.

होडीवाल्याने खांद्यावरचा टॉवेल काढला. “या हिकडं.” त्याने माझा उजवा दंड कोपरापर्यंत बरगड्यांना बांधला आणि पाठीमागे गाठ मारली. “वैरनीची पेंडी बी एवढी आवळत न्हाय कुनी. आता कसा जातोय बघू.”

बांधलेल्या हाताने चाळीस फूट फेकणं शक्य नव्हतं. म्हणून त्याने होडी गाळपेराच्या कडेला नेली, जिथे पाणी उतरलेल्या जमिनीत भाजी लावतात, आणि तो स्वतः पाण्यात उतरून होडी हाताने, आवाज न करता, पुढे सरकवत राहिला. मांडीपर्यंत चिखल होता. यात तासभर गेला. शेवटी मासा वीस फुटांवर होता, शेपटी आमच्याकडे नाही, बाजूला. मी मनगटाने जमेल तसं फेकलं. दोरी ताठ झाली. हात टॉवेलला हिसका देऊन तिथेच राहिला. डाव्या हाताने मी दोरी ओढली आणि पलीकडे वजन लागलं.

“लागला! लागला!” तो पाण्यातून ओरडला.

मासा खोल पाण्याकडे निघाला. फळीवरची सैल दोरी सळसळत जाऊ लागली आणि मध्येच थांबली. माझा डावा पाय तिच्यावर होता. टोकाचा तंगूस तुटल्याचा आवाज बारीक होता.

त्यानंतर मासे वर आले नाहीत. साडेअकराला ऊन चढलं. होडीवाल्याने मला काठावर सोडलं आणि एकटाच पलीकडे गेला, जिथे त्याचं स्वतःचं एक लहान जाळं लावलेलं असायचं. परत आला तेव्हा ओल्या पोत्यात एक सिप्रनस होता. जिवंत, दीड-दोन किलोचा, जाळ्याचा व्रण नसलेला. त्याने तो निवडून आणला होता. माझ्या डबीतली एक माशी घेऊन त्याने ती माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात नीट बसवली आणि काठाच्या पाण्यात मासा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

“काढा फोटू.”

मी फोन हातात घेतला होता. पडद्यावर मासा, माशी, त्याचे हात, मागे पाणी, सगळं नीट दिसत होतं.

“हे चालणार नाही,” मी म्हणालो.

“का?”

“हा माशीवर धरलेला नाही.”

“मासा खरा हाय न्हवं? पानी खरं, माशी खरी. लागला तर हुताच की मगाशी. मी बगितला, तुमी बगितला.”

“तो गेला.”

“मंग त्येचा भाऊ समजा.” तो हसला, मग थांबला. “तात्या, हितं मासा माशीला लागतोय ह्ये खोटं हाय का?”

“नाही.”

“फोटूत त्येच दिसंल न्हवं?”

त्याच्या म्हणण्यात चूक काढणं अवघड होतं. चांगल्या कामासाठी म्हणून जुळवून आणलेले फोटो मी तीस वर्षं परत पाठवले होते आणि दर वेळी पाठवणाऱ्याचं म्हणणं साधारण हेच असायचं. पण त्यातला कुणीही माझ्यासमोर मांडीपर्यंत चिखलाने भरून उभा नव्हता. आणि त्यातला कुणीही माझ्या पायामुळे अडचणीत आलेला नव्हता.

“मी सगळं लिहितो,” मी म्हणालो. “तीन मासे लागले आणि तिन्ही माझ्या चुकीने गेले, हेही लिहितो. वाटाड्या म्हणून तुमच्यात काही कमी नाही, हे स्पष्ट लिहितो.”

“लिवा.”

मी फोन खिशात घातला. त्याने माशाच्या ओठातून माशी काढून मला परत दिली, पाण्यात धुऊन. मासा पोत्यात घालून तोही माझ्या हातात दिला. मी नको म्हणालो.

“घ्या. घरी तरी सांगा, गळाला लागला म्हनून.”

बारामतीला पोचल्यावर मी दोन पानं लिहिली. पाण्याची खोली, वाऱ्याची वेळ, शेपट्या दिसण्याचं अंतर, फेकींची संख्या. वाटाड्यासाठी एक वेगळा परिच्छेद. घड्याळाऐवजी उगवती-मावळतीने दिशा सांगणं हलत्या होडीवर अधिक उपयोगी आहे, हेही लिहिलं. दोनदा वाचलं. आकड्यांत चूक नव्हती. सहा वाजता पाठवलं.

सोमवारी सकाळी संयोजकाचं उत्तर आलं. माहिती उत्तम आहे, तो म्हणाला. पण लोक मासा बघून येतात, माहिती वाचून नाही. दोन दिवसांत तीन मासे लागूनही एकाचाही फोटो नाही, तर यंदा सुरू करणं कठीण. पुढच्या उन्हाळ्यात बघू.

मी होडीवाल्याला फोन लावला. मागे गाड्यांचा आवाज होता.

“यंदा नाही म्हणतायत,” मी म्हणालो. “पुढच्या वर्षी बघू म्हणाले.”

“व्हय. म्या ठेकेदाराला सांगितलंय येतो म्हनून. ष्ट्यांडावरच हाय.”

“कधी सांगितलंत?”

“कालच. दुपारी.”

“काल? उत्तर तर आत्ता आलंय.”

“आवं, तुमी फोन खिशात घातला तवाच आलं की.”

त्याने मागे कुणालातरी गाडी कुठली म्हणून विचारलं आणि पुन्हा फोनवर आला.

“मासा कसा हुता?”

“चांगला होता.”

“घरी काय सांगितलं?”

“जाळ्यातला म्हणून सांगितलं.”

“आसं,” तो म्हणाला. “गाडी लागली तात्या. ठिवतो.”